माझा गळा, तुझा नवस

कोहका, भिलाई
९ जानेवारी, गुरुवार

ती. स्व. माणिकताईस शैलाचा साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व ठीक. थंडी यंदा चांगलीच आहे. आमचा ईशान रसमड्याच्या कारखान्यातून रात्रपाळी करून येतो आणि मफलर न सोडताच झोपतो. तिळाचे लाडू यंदा खुशबूनं केले. सुनेनं केलेले लाडू सासूनं नावं न ठेवता खाल्ले, कारण नावं ठेवायला सासूजवळ आवाज नाही, हे तू नागपुरात चार घरी सांगशीलच. तुझा अभिनव वॉकर सोडून काठीवर आला हे ऐकून फार बरं वाटलं. त्यानं पुन्हा मोटरसायकलचं नाव काढलं तर माझ्यातर्फे एक चापट दे.

झालं कुशल. आता ज्यासाठी कागद घेतला ते लिहिते. मोबाइलवर लिहायला लागले की दोन ओळींत राग संपतो, आणि हा राग मला संपवायचा नाही. शिवाय तुझा फोन सगळं घर वाचतं.

काल हे सांगत होते की माणिकताईंचा फोन होता. मी पाटीवर लिहिलं, "काय म्हणाली?" तर म्हणतात, "काही नाही. रायपूरची तारीख मी वापस केली." वीस तारखेचं माझं आवाजाचं ऑपरेशन, ताई. मला न विचारता तू त्यांना सांगितलंस, त्यांनी मला न विचारता हॉस्पिटलला कळवलं, आणि ज्या बाईच्या गळ्याची गोष्ट चालली होती ती स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती.

कावून वापस केली, असं मी मोठ्या अक्षरांत लिहिलं. तेव्हा कुठे त्यांनी तुझा नवस सांगितला.

तुला सगळं माहीत आहे, पण तू विसरलीस असं दिसतं, म्हणून पुन्हा लिहिते. गेल्या वर्षी माझ्या गळ्यातली गाठ काढली. त्यात आवाजाची एक नस दुखावली. असं क्वचित कुणाला होतं, ते मला झालं, यात कुणाचा दोष नाही. आतली एक पट्टी हलत नाही, म्हणून तोंडातून नुसती हवा निघते. डॉक्टरांनी सुरुवातीला अजिबात बोलू नका म्हटलं. लोक भेटायला यायचे आणि मला बोलायला लावायचे. तेव्हा ह्यांनी, जन्मभर रेल्वेत गार्ड राहिलेला माणूस, एक पत्रा कापला, लाल रंगानं रंगवला आणि दारावर टांगला. "मौन. कृपया बोलायला लावू नये." नोकरीत जसे बोर्ड बघितले तसाच बोर्ड. त्यात देवाधर्माचं काही नव्हतं.

पण भजनी मंडळाच्या ठकूबाई गुरुवारी आल्या, बोर्ड वाचला, आणि चप्पल फाटकाबाहेरच काढली. "माय, मले वाटलंच होतं," म्हणाल्या. "शैलाबाई एवढ्या गात होत्या, त्या अशाच चूप नाही होणार. मौन धरलं त्यांनी." आणि माझ्या पाया पडल्या. सत्तरीच्या बाई माझ्या पाया पडल्या. मी हातानं नाही-नाही केलं तर त्यांना वाटलं मी आशीर्वाद देते आहे. पुढच्या गुरुवारी मरोद्याहून तिघी आल्या. मग शेजारच्या बाया. एक म्हातारी खेड्यावरून पोराच्या सायकलवर बसून आली आणि म्हणाली, "दाई, आसिरबाद दे दे." दाई म्हणजे इकडे आई. ज्या मंडळात मी वीस वर्षं पुढे बसून गायले, तिथे आता मी मागे बसून टाळ वाजवते, आणि माझं घर मात्र देऊळ झालं.

आणि दिवाळीनंतर तू आलीस. मला वाटलं, माझी थोरली बहीण आली, आता ही यांना सांगेल की बायांनो, हा आजार आहे. तू पदर सावरून त्यांच्यात बसलीस आणि सांगायला लागलीस की शैला लहानपणापासूनच वेगळी होती. वेगळी म्हणजे काय गं? मी चिंचा चोरायची आणि मार तुला बसायचा, एवढंच काय ते वेगळं होतं. तेव्हाच माझ्या मनात आलं होतं की ही एवढी मन लावून खोटं का बोलते आहे. ते काल कळलं.

मोटरसायकलच्या अपघातानंतर अभिनव बेशुद्ध पडला होता तेव्हा तू देवाला म्हणालीस की माझ्या बहिणीचं मौन घे आणि माझा पोरगा दे. तो उठला. म्हणून आता मी बोलले तर नवस मोडेल आणि पोराला काही होईल, अशी तुला धास्ती आहे. म्हणून महाराजांच्या प्रकटदिनाला तू मंडळाकडून माझा शाल-नारळ देऊन सत्कार ठरवलास, म्हणजे चारचौघांत ते पक्कं होईल.

ताई, नवस बोलणाऱ्यानं स्वतःचं काही द्यायचं असतं. तुझा चहा द्यायचा होता. तुला दिवसातून पाच वेळा लागतो, देवालाही कळलं असतं की ही काही देते आहे. तुझ्या गुडघ्यांनी पायऱ्या चढीन असं नवसात बोलायचं होतं. लोक केस देतात, मीठ सोडतात, अनवाणी चालतात. स्वतःचा कप हातात धरून बहिणीचा गळा देऊन टाकणारी तूच पहिली. देताना विचारायचं तरी. मी काय मुकी होते? हो, होते. म्हणून तर तुला सोपं गेलं.

त्या दिवशी नागपूरच्या हॉस्पिटलात अभिनवच्या खाटेपाशी काय झालं ते मी लिहीत नाही. ते तुला ठाऊकच नाही आणि आज माझी सांगायची इच्छाही नाही.

दोन गोष्टी कर. ह्यांना पुन्हा फोन करू नकोस. हा माणूस तुझ्यासमोर अजूनही नवा जावई असल्यासारखा मान खाली घालतो. आणि मंडळाला कळव की सत्कार रद्द.

भावजींना नमस्कार. अभिनवला पोटभर आशीर्वाद, ते द्यायला आवाज लागत नाही.

रागावलेली,
शैला


कोहका
२३ जानेवारी

ती. स्व. माणिकताईस साष्टांग नमस्कार.

तुझा आवाजी निरोप मिळाला. ह्यांनी तो स्वयंपाकघरात लावला, त्यामुळे तुझं रडणं खुशबूनं ऐकलं, मितालीनं ऐकलं आणि भांडी घासायला येणाऱ्या शालूनंही ऐकलं. मितालीनं विचारलं, "बड़ी दादी को चोट लगी क्या?" पाच वर्षांच्या नातीला मी काय पाटीवर लिहून दाखवणार होते?

तू म्हणतेस, "शैले, देवानं तुले निवडलं. त्रास म्हणजे प्रसाद असते, तो वापस नाही करत. पाहा ना, तू कुठच्या कुठे गेली. बाया तुले मानून राहिल्या." मी ते दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकताना हातातली पळी आपटली.

हे प्रसादाचं बोलणं मला पाठ झालं आहे. ज्याचं काही गेलं नाही तोच ते बोलतो. ईशानचे साहेब भेटायला आले, सफरचंदं आणली आणि म्हणाले की मौनात फार शक्ती असते. स्वतः तासभर बोलत होते. मंडळातली एक बाई म्हणाली, तुमचे आधीचे भोग संपले. कसले भोग, ते कुणी सांगत नाही. मी काय केलं होतं म्हणून? गात होते. त्याचं प्रायश्चित्त आहे का हे?

आता तू विचारशील, तुला यातून काहीच मिळालं नाही का. मिळालं. मी खोटं लिहिणार नाही.

गुरुवारच्या बाया माझ्यासमोर बसून मनातलं सांगायच्या. कुणाचा नवरा पितो, कुणाच्या मुलीला माघारी पाठवलं. पूर्वीची मी असते तर दुसऱ्या वाक्याला म्हटलं असतं, होईल गं सगळं नीट, देवावर ठेव. आणि चहा टाकायला उठले असते. आता म्हणता येत नव्हतं. मग ऐकावंच लागलं, शेवटपर्यंत. तेव्हा कळलं की "होईल नीट" हे आपण समोरच्याला गप्प करायला म्हणतो. त्या रडायच्या, डोळे पुसायच्या आणि जाताना जरा सरळ चालायच्या. मी काही केलेलं नसायचं. त्यांच्याबरोबर बसून माझी प्रार्थनाही बदलली. आधी मी देवाला सतत काहीतरी सांगत असायची, आता त्याच्यापुढेही गप्प बसता येतं. हे चांगलं आहे, मला आवडतं, आणि ते मी सोडणार नाही.

दुसरी खुशबू. सात वर्षं झाली ती या घरात आली, आणि घरात हिंदीच बोलते म्हणून मी सगळ्यांजवळ कुरकुर करायची. मी गप्प झाले आणि दोन महिन्यांत ती मराठी बोलायला लागली. मी पाटीवर लिहिलं, "कुठे शिकलीस?" तर म्हणाली, "आई, मले तर पहिलेच येत होती. तुम्ही एकेक शब्द टोकून राहिल्या होत्या ना, म्हणून बोलत नव्हती." मग तिच्या आजोळच्या तळ्याच्या गोष्टी सांगत बसली. तिचा भाऊ लहानपणी त्यात बुडाला, हे मला सात वर्षांत माहीत नव्हतं.

तेव्हा मिळालं ते असं. पण ताई, हे शिकायला पंधरा दिवसांचा घसा बसणं पुरलं असतं. त्यासाठी माणसाचा जन्माचा आवाज काढून घ्यावा लागतो, हे मी कबूल करणार नाही. पडलेल्या माणसाच्या हाताला जमिनीवर काही लागलं, तर ते त्यानं उचललं असं म्हणा. त्याला पाडणाऱ्याला हार घालू नका.

आणि आता ती गोष्ट, जी तुला कुणीच सांगितली नाही.

डिसेंबरातला गुरुवार होता. पुढच्या खोलीत दहा-बारा बाया माझ्यासमोर डोळे मिटून बसल्या होत्या. माझं तोंड दाराकडे. खुशबू गच्चीवर कपडे वाळत घालत होती. आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर आला होता, आणि मिताली त्याच्या मागे उकिडवी बसून खडूनं रस्त्यावर घरं काढत होती. टँकर मागे यायला लागला. सगळ्या खोलीत उघडे डोळे फक्त माझे होते. मी ओरडले. म्हणजे तोंड उघडलं, पोटापासून जोर लावला, आणि हवा निघाली. बाया डोळे मिटूनच होत्या. मी पुन्हा ओरडले, पुन्हा हवा.

शेवटी समोरचं आरतीचं ताट उचलून दारातून फेकलं. ते पितळी ताट आपलं, आईचं, फाटकावर आपटून रस्त्यावर गडगडत गेलं. ड्रायव्हरनं ब्रेक मारला. चाक आणि पोरगी यांच्यामध्ये तिच्या खडूनं काढलेलं एक घर होतं.

मी तिला छातीशी धरून रस्त्यावर बसले होते. आणि मागून त्या बायांतल्या एकीचा कौतुकानं भरलेला आवाज आला, "देखा? बच्ची पर बन आई, तब भी माताजी ने मौन नहीं तोड़ा."

मी उठले, दारावरचा पत्रा उपटला. खुशबू धावत खाली आली होती, तिच्या हातात दिला. तेव्हापासून तो मागच्या पाण्याच्या ड्रमवर झाकण म्हणून आहे. बायांना मी पाटीवर लिहून दाखवलं, "मौन नाही. आजार आहे." बऱ्याच जणी आता येत नाहीत. ठकूबाई येतात. "पाया पडाले नाही येत मी," म्हणाल्या, "बोलाले येतो. घरी कोण ऐकते?" त्यांच्यासाठी मी चहा आधीच करून ठेवते.

मी मितालीला हाक मारू शकले नाही, ताई. गाणं गेलं ते मी सोसलं असतं. त्याच आठवड्यात मी रायपूरची तारीख घेतली, आणि तीच तू रद्द करवलीस.

परवा खुशबूला घेऊन पुन्हा रायपूरला गेले. लोकलमध्ये ती माझ्या शेजारी नुसती बसली, हात धरून. डॉक्टरांसमोर माझ्यासाठी तीच बोलली, स्वच्छ आणि न घाबरता. नवी तारीख मिळाली आहे. ह्यांना आल्यावर सांगितलं, तर म्हणाले, "बरं केलं. माह्याच्यानं नसतं झालं." मग उठून त्यांनी माझी बॅग माळ्यावरून काढून ठेवली. तारीख कोणती, ते तुला आत्ता कळवत नाही.

शैला


कोहका
२ फेब्रुवारी

ताई,

तुझं काही आलं नाही. ना फोन, ना निरोप. फक्त भावजींकडून कळलं की तू जेवत नाहीस आणि अभिनवला दारापर्यंतही एकटं जाऊ देत नाहीस. तो विचारतो, आईला काय झालं. त्याला मी काही सांगितलेलं नाही आणि तूही सांगू नकोस. कुणा पोराच्या जिवावर दुसऱ्याच्या गळ्याचं ओझं ठेवू नये.

ऑपरेशन मंगळवारी आहे.

जाण्याआधी तुला ते सांगते, जे मी दोन पत्रांत टाळलं.

आपण अभिनवजवळ एकेक करून आत गेलो तेव्हा नर्सनं सांगितलं होतं ना, नावानं हाक मारा, त्यांना ऐकू जात असेल. तू मारलीस. भावजींनी मारली. मग माझी पाळी आली. मी वाकले, त्याच्या कानाशी तोंड नेलं. ज्या पोराला मी सुट्टीत इथल्या गच्चीवरून पतंग सोडून जेवायला ये म्हणून हाका मारून दमायची, त्याच्या कानात माझी नुसती हवा गेली. नर्स म्हणाली, "आंटी, ज़ोर से." मी पुन्हा वाकले. मग ती समजली आणि दुसरीकडे बघायला लागली.

बाहेर येऊन काचेच्या दारापाशी उभी असताना मी मनात म्हणाले, ठेव तुझ्याकडे माझा आवाज. परत मागणार नाही. पोर दे.

तुझ्या आधी म्हणाले की नंतर, ते मला माहीत नाही. आपण दोघी एकाच काचेच्या दारापाशी एकच वस्तू देत होतो, आणि एकमेकींना सांगितलं नाही. तू दिलेलं तुझं नव्हतं. मी दिलेलं माझं होतं. आणि तो उठल्यावर मलाही वाटलं, ताई, अगदी तुझ्यासारखंच वाटलं, की सौदा झाला. म्हणून तर डॉक्टर ये म्हणत असताना मी दोन महिने गेले नाही. तुझ्यावर एवढी चिडले त्यातला अर्धा राग माझ्यावरचा होता. उरलेला अर्धा मात्र तुझाच आहे, तो मी परत घेत नाही.

मग टँकर मागे आला. रस्त्यावर मितालीला धरून बसले होते तेव्हा एकच विचार डोक्यात होता. अभिनवसाठी मी गप्प राहिले आणि त्या गप्प राहण्यात मिताली जात होती. असला कसला देव, जो एका पोराच्या बदल्यात गळा घेतो आणि त्या गळ्यापायी दुसरं पोर चाकाखाली घालतो? अशाला मी निरांजन ओवाळणार नाही. माझा देव तो नाही. त्यानं माझं काही मागितलं नव्हतं. मीच भीतीनं नेऊन दिलं होतं, तूही भीतीनंच. अभिनव उठला तो डॉक्टरांच्या हातानं, त्याच्या तरुण रक्तानं, आणि असेल तर देवाच्या कृपेनं, पण ती कृपा फुकट होती. तिची किंमत लावणाऱ्या आपण कोण?

या वर्षात माझी भक्ती कमी झाली नाही, ताई. तिच्यातली भीती गेली. तुला जर कुणाला सांगायचंच असेल की शैलाला दुःखातून काय मिळालं, तर हे सांग. बाकी शाल-नारळ ठकूबाईंना द्या.

डॉक्टर म्हणाले, आवाज येईल, जाडाभरडा येईल, गाणं बहुतेक येणार नाही. चालेल. आणखी एक गोष्ट सांगितली, ती ऐकून मी तुला लिहायला बसले. या ऑपरेशनात पूर्ण झोपवत नाहीत. गळा उघडा असतानाच बोलायला लावतात, म्हणजे पट्टी नीट बसली की नाही ते त्यांना ऐकून कळतं. मी पाटीवर विचारलं, काय बोलायचं? म्हणाले, काहीही. लोक आकडे म्हणतात, कुणी रामनाम घेतं.

मी अभिनवचं नाव घेणार आहे. ती हाक त्या दिवसापासून माझ्या गळ्यात अडकून आहे, आणि पहिला आवाज तिचाच.

तुला भीती वाटेल, मला माहीत आहे. मंगळवारी सकाळी त्याच्याजवळ बस. हात धर हवं तर. आणि त्याला सांग, मावशी हाक मारते आहे, ओ दे.

तुझी
शैला